रिकामा रकाना

‘‘कायले मोजतं रे ते? कोनी पगार देते का तुले त्याचा?’’

मागच्या ऑक्टोबरात सकाळी साडेआठला मी दुर्बीण, पाण्याची बाटली आणि वही पिशवीत कोंबत होतो, तेव्हा बाबांनी हे विचारलं. प्रश्न रास्त होता. मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. घरून काम करायची थोडी मुभा आहे, म्हणून दिवाळीच्या आधी दोन-तीन आठवडे गावी येतो. तेव्हा घरात सोयाबीन सोंगायची घाई असते आणि मी सुट्टीच्या दिवशी घाटाच्या कडेला जाऊन चार तास आभाळाकडे तोंड करून बसतो. गरुड, भोवत्या, ससाणे, घारी, जे दिसतील ते शिकारी पक्षी मोजतो. बाबांना उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेलं उत्तर आहे, पण खरं सांगायचं तर तो बाबांसाठी नाही. हाच प्रश्न मला पक्षी बघणाऱ्या लोकांनीही विचारलाय, जास्त सभ्य मराठीत. भांडण त्यांच्याशी आहे.

आधी जागा समजून घ्या. बुलडाणा जिल्ह्यात पत्ता सांगताना ‘घाटावर’ की ‘घाटाखाली’ हे आधी सांगतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेची कड जिल्ह्यातून आडवी जाते. वर बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा. खाली मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव आणि पूर्णेची काळी सपाट जमीन. त्याच्याही पलीकडे जळगाव जामोद, संग्रामपूर आणि मग सातपुडा. बुलडाण्याहून मलकापूरला जाताना राजूर घाटात गाडी थांबवली तर ही सगळी मांडणी एका नजरेत येते. लोक तिथं सेल्फी काढतात. जागा आहेच तशी.

आता पक्ष्याच्या बाजूने बघा. गरुड, मधुबाज, तीसा यांच्यासारखे रुंद पंखांचे जड पक्षी लांबच्या प्रवासात पंख मारत जात नाहीत, परवडत नाही. ऊन चढलं की जमीन तापते, गरम हवेचे स्तंभ वर उठतात, पक्षी त्यात गोल गोल फिरत उंची कमावतो आणि मग तिरपा घसरत पुढच्या स्तंभापर्यंत जातो. डोंगराच्या भिंतीवर वारा आपटून वर चढतो, त्याचाही तो उपयोग करतो. म्हणून जगभर शिकारी पक्ष्यांची मोजणी कड्यांवर, खिंडींत आणि समुद्र टाळायच्या चिंचोळ्या वाटांवर होते. जॉर्जियात काळ्या समुद्राकाठी बाटुमीजवळ एका शरद ऋतूत दहा लाखांच्या वर शिकारी पक्षी मोजले जातात. आपल्याजवळ धरमशालेच्या वर, धौलाधारच्या उतारावरून हजारो स्टेप गरुड शरदात पश्चिमेकडे आणि वसंतात परत पूर्वेकडे जातात. हे २००१-०२ मध्ये एका माणसाने तिथं बसून मोजलं म्हणून आपल्याला माहीत आहे. नेपाळमध्ये पोखऱ्याजवळ ठुलाखर्कला २०१२ पासून दरवर्षी मोजतात.

बुलडाण्यात असा लोंढा जातो असा माझा दावा नाही. उलट, विचार केला तर शंकाच यावी. हिमालयात रांग आणि प्रवासाची दिशा एकच आहे. आमची रांग पूर्व-पश्चिम आणि बरेचसे पक्षी उत्तरेकडून दक्षिणेकडे येणारे, म्हणजे ते रांगेवरून चालणार नाहीत, ती ओलांडतील. एका जागी गर्दी होण्याऐवजी शे-सव्वाशे किलोमीटरच्या कडेवर विखुरतील. कदाचित एखाद्या खिंडीत थोडे जास्त. कदाचित नाहीच. पण वर्षानुवर्षे एकाच ठिकाणाहून केलेली मोजणी मला या कडेसाठी शोधूनही सापडली नाही. माझं म्हणणं इथूनच सुरू होतं.

मी रोज डेटाबेसमध्ये हात घालून पगार मिळवतो. आमच्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात की ‘शून्य’ आणि ‘नल’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शून्य म्हणजे बघितलं, मोजलं, काही नव्हतं. नल म्हणजे रकाना रिकामा, कोणी बघितलंच नाही. हा फरक न कळलेला माणूस बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहायला बसला की काय होतं ते मी पाहिलंय, नोकरी लागल्या लागल्या स्वतःही केलंय, आणि एका रविवारी पहाटे तीनपर्यंत निस्तरलंय. आमच्या जिल्ह्याच्या आभाळाचा रकाना नल आहे. आणि सरकारी कागदावर, कंपनीच्या अहवालात, इतकंच काय पक्षीमित्रांच्या गप्पांतही तो शून्य म्हणून वाचला जातो. ‘तिकडे काय आहे? तिकडे काही विशेष नाही.’ हे वाक्य मी पुण्यात इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर हसूही येत नाही.

याने काय बिघडतं?

साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. तिथला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी शेजारच्या मोकळ्या पठाराच्या तुलनेत जवळपास चार पटींनी कमी आढळले. त्यामुळे सरडे वाढले, निर्धास्त झाले, त्यांच्या अंगातला ताणाचा अंशही कमी भरला. सरड्यांचं बरं झालं म्हणायचं. पण पद्धत बघा: पवनचक्क्या असलेला भाग आणि नसलेला भाग यांची तुलना. शेजारी न बिघडलेला तुकडा शिल्लक होता म्हणून हे कळलं. तो नसता तर ‘आधी किती होते?’ या प्रश्नाला उत्तर एकच, आधीची वही. आणि ती वही कोणी कायद्याने मागत नाही. २००६ च्या पर्यावरणीय परिणामांच्या अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा नाहीच. ज्या प्रकल्पांना अभ्यास लागतो तिथंही साधारणपणे पावसाळा सोडून एका ऋतूची पाहणी चालते. मार्च ते मे या महिन्यांत पाहणी केली तर ऑक्टोबरात वरून गेलेला भोवत्या तिच्यात कसा येणार? अहवालात त्या ओळीत काही नसतं आणि वाचणारा साहेब त्याचा अर्थ ‘पक्षी नाहीत’ असा घेतो. कोणी खोटं बोललेलं नसतं. फक्त नल वाचून शून्य समजलेलं असतं.

मी पवनचक्कीविरोधी नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज जाते तेव्हा मीच सगळ्यात मोठ्याने ओरडतो. चक्की कुठं उभारायची, एवढं ठरवायला आकडा लागतो.

आता गिधाडांकडे येतो, कारण बाबांना तिथूनच पकडता आलं. त्यांना विचारलं, आपल्याकडे गिधाडं होती का? ‘‘होते ना. लय होते. ढोर मेलं का गावाबाहीर टाकून देत, दुपारलोग हाडं राहत.’’ मग कधी गेली? ‘‘गेले म्हंजे... येनं बंद झाले.’’ कोणत्या वर्षी? बाबा थांबले. याच माणसाला बहात्तरच्या दुष्काळात विहिरीला किती परस पाणी होतं ते ऐकून पाठ आहे, बैलजोडी कोणत्या बाजारात कितीला घेतली ते सांगता येतं. गिधाडांचं शेवटचं वर्ष सांगता येईना. ‘‘तुह्या जन्माच्या आगंमागं असंल.’’ म्हणजे सत्त्याण्णव. अख्ख्या गावाच्या डोळ्यांसमोरून हातभर चोचीचा, वावभर पंखांचा पक्षी नाहीसा झाला आणि साल कोणाकडेच नाही. मी गावात आणखी चौघांना विचारलं. चार साली मिळाली, त्यांत दहा वर्षांचं अंतर.

देशाला ते साल कळलं कारण दुसरीकडे कोणी तरी मोजत होतं. राजस्थानातल्या केवलादेवमध्ये विभू प्रकाश घरटी मोजत होते. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची १९८७-८८ मध्ये ३५३ घरटी होती, दहा वर्षांत ती निम्म्याहून खाली आली. नव्वदीच्या सुरुवातीला बीएनएचएसने शिकारी पक्ष्यांसाठी देशभर गाडीने फिरून रस्त्यांवरून पाहण्या केल्या होत्या. त्या काळी गिधाडं इतकी होती की ‘गिधाडं मोजतोय’ म्हणणाऱ्याला लोकांनी माझ्या बाबांसारखंच काही तरी विचारलं असणार. मग २००० मध्ये त्याच वाटांवरून पुन्हा गेले आणि घसरणीचा आकडा हाती आला. कारण २००४ मध्ये सापडलं: जनावरांना टोचायचं डायक्लोफेनॅक. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. आणि २०२४ मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी अंदाज मांडला की गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख जास्तीची माणसं मेली. कुजणारी जनावरं, मोकाट कुत्री, रेबीज, दूषित पाणी. हा हिशोबसुद्धा ‘गिधाडं कुठं किती होती’ हे माहीत असल्याशिवाय करता येत नाही.

तेव्हा मोजून काय होतं, हे मला विदर्भातल्या माणसाने तरी विचारू नये. आमचं सगळं आयुष्य पैसेवारीवर चालतं. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. पन्नास पैशांच्या आत आली तर दुष्काळाच्या सवलती, वर गेली तर हरी हरी. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस मोजला गेला तर अतिवृष्टी, ६४ झाला तर नुसता पाऊस. हे बाबांना सांगितलं तर म्हणाले, ‘‘ते यंत्र आपल्या वावरात कुठीसा हाय? ते तिकडं मंडळात.’’ बरोबर! एका वाक्यात त्यांनी माझा मुद्दा माझ्यापेक्षा नीट मांडला. यंत्र तिकडे आणि पाऊस इकडे. पक्ष्यांच्या नोंदींचंही हेच आहे. नोंदी जिथं पक्षी बघणारे राहतात तिथं पडतात. पुण्या-मुंबईच्या आसपास, धरणांवर, नावाजलेल्या अभयारण्यांत.

आमच्याकडे मोजतात ते वाघ. २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला टी१सी१ हा तरुण नर गळ्यात कॉलर घेऊन विदर्भ-मराठवाडा-तेलंगणातून फिरत आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. नऊ महिन्यांत तीन हजार किलोमीटरच्या वर चालला. त्याचा कापसातला, तुरीतला, नाल्यातला प्रत्येक मुक्काम उपग्रहाने टिपला. आम्हाला अभिमान वाटला, मलाही. गावातली पोरं ‘आपला वाघ’ म्हणायला लागली. त्या प्रवासामुळे शेतांमधून जाणाऱ्या वाटांना भ्रमणमार्ग म्हणून किंमत आली. म्हणजे बघा, एका जनावराच्या वाटेचा आकडा मिळाला तर काय होतं. पण त्याच ज्ञानगंगेच्या वरून त्या हिवाळ्यात कोण आलं, कोण गेलं? मंगोलिया, कझाकस्तान, रशियातून येणाऱ्यांना कॉलर नको, तिकीट नको. एक माणूस आणि एक वही हवी.

इथं फोटोवाल्यांशी बोलायला हवं. मी त्यांच्यातलाच होतो, तेव्हा निंदा करताना आरशात बघतोय असं समजा. ऑक्टोबरच्या रविवारी घाटात सहाशे मिलिमीटरच्या लेन्सा घेऊन टोळ्या येतात. अकरापर्यंत ‘काही नाही’ म्हणून मिसळ खायला जातात. जातात कधी, तर ऊन चढून हवा नुकती उचलायला लागते तेव्हा! त्यांच्या ‘काही नाही’मध्ये घारी असतात, शिक्रा असतो, तारेवर खरूची असते. त्यांची नोंद होत नाही, कारण त्या नवीन नाहीत, त्यांना लाइक पडत नाहीत. दुर्मीळ पक्ष्याचा एक फोटो म्हणजे एक बातमी. साध्या पक्ष्याचे दहा वर्षांचे आकडे म्हणजे इशारा. गिधाड साधाच पक्षी होता.

१९३४ मध्ये रोझली एज नावाच्या बाईने पेनसिल्व्हेनियात एक डोंगर भाड्याने घेतला, कारण लोक तिथल्या कड्यावर बसून ससाणे आणि गरुड गंमत म्हणून मारत. मॉरिस ब्राऊन हा तिथला रखवालदार. रखवाली करता करता तो जाणारे पक्षी मोजायला लागला. कशासाठी, तर कशासाठीही नाही. १९३५ ते १९३९ मध्ये त्याच्या वहीत पांढऱ्या डोक्याच्या गरुडांतली ४० टक्के पिल्लं होती, १९५५ ते १९५९ मध्ये २० टक्के. १९५७ मध्ये तर बत्तीस मोठ्यांमागे एक पिल्लू. रेचेल कार्सनने ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये डीडीटीविरुद्ध उभं राहताना हे आकडे वापरले. १९३५ साली त्या रखवालदाराला डीडीटी हा शब्दही ठाऊक नसणार. कीटकनाशक म्हणून ते अजून यायचं होतं. मोजणीचा उपयोग आधी सांगता येत नाही, आणि ‘आधी उपयोग सांगा, मग मोजतो’ म्हणणाऱ्याच्या हातात वेळ आल्यावर वही नसते.

आता माझा गुन्हा. पहिल्या वर्षी तिसऱ्याच दिवशी मी पक्षीनोंदीच्या ॲपवर ‘स्टेप गरुड’ टाकला. मोठा, काळपट, खूप उंचावर, ऊन डोळ्यांत. चार तास घारी मोजून कंटाळलो होतो आणि मला गरुड हवा होता. नोंदी तपासणाऱ्या कोणी तरी नम्रपणे विचारलं, शेपटीचा आकार कसा होता? मला राग आला. ‘मी तिथं होतो, तुम्ही नव्हता’ अशा अर्थाचं काही तरी लिहिलं. तीन आठवड्यांनी पुण्यात रात्री तोच धूसर फोटो मोठा करून बघितला. शेपटीला खाच. घार होती. नोंद काढून टाकली, माफी मागितली, आणि दोन दिवस कोणाला काही सांगितलं नाही.

एवढ्या छोट्या लबाडीने काय होतं, असं वाटत असेल तर वनपिंगळ्याचं ऐका. आपल्याच खानदेशात डेव्हिडसन नावाच्या कलेक्टरने १८८० च्या दशकात या घुबडाचे नमुने मिळवले होते. पुढे रिचर्ड माइनर्टझहागन नावाच्या प्रतिष्ठित लष्करी अधिकाऱ्याने ब्रिटिश संग्रहालयातला एक नमुना चोरला, त्याची शिवण बदलली आणि १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ आपणच मारला अशी चिठ्ठी लावली. पक्षी शंभर वर्षांच्या वर दिसला नाही. शोधणाऱ्यांपैकी काहींनी त्या खोट्या पत्त्यावर दिवस घालवले. १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि सोबत्यांनी तो पत्ता बाद केला, जुन्या खऱ्या ठिकाणांच्या मागे गेल्या, आणि शहाद्याजवळ वनपिंगळा सापडला. पुढे तो मेळघाटातही आढळला, म्हणजे आमच्या शेजारी. एक खोटी चिठ्ठी. माझी खोटी चिठ्ठी त्यापुढे किरकोळ, पण जात एकच.

म्हणून माझ्या वहीत आता सगळ्यात महत्त्वाचा रकाना ‘ओळखलं नाही’ हा आहे. त्यात प्रामाणिकपणे आकडे पडतात, सुरुवातीला तर फारच. ‘मोठा शिकारी, अनोळखी, १.’ ‘भोवत्या मादी, कोणती ते नाही, १.’ माँटेग्यूची आणि पॅलिड भोवत्याची मादी दुरून वेगळी करणारे लोक आहेत, मी त्यांच्यात नाही. दर तासाला नवी ओळ: वारा कुठून, ढग किती, बघणारे किती जण. कारण दोघांनी बघितलेले वीस आणि एकट्याने बघितलेले वीस सारखे नसतात. काहीच न दिसलेल्या तासाला ठसठशीत शून्य. मागच्या वर्षी असे तास बरेच होते.

माझ्याच धंद्यातले मित्र सांगतात, कॅमेरा लाव, एआय लाव, माणूस कशाला? लावा की. मला आनंदच होईल. फक्त तो कॅमेरा पहिल्या पावसात बंद पडल्यावर चार्जर घेऊन घाटात कोण जाणार ते आधी ठरवा. मी गेली सहा वर्षं सॉफ्टवेअर करतोय. कोणीही बघत नसलेली यंत्रणा किती दिवस खरं बोलते हे मला नीट माहीत आहे. आणि ज्यांना ‘मोजणी बास, आता कृती हवी’ असं वाटतं, त्यांना नागालँडचं पांगटी आठवावं. २०१२ मध्ये तिथं दोयांग जलाशयावर अमूर ससाणे जाळ्यांत धरले जात होते. शिकाऱ्यांचे गट आणि प्रत्येकाची रोजची पकड यांचा साधा गुणाकार करून आकडा आला: एका हंगामात लाख-सव्वा लाखाच्या वर. तो आकडा आणि ती चित्रफीत बाहेर पडली, गाव बसलं, चर्च बोललं, आणि २०१३ मध्ये जाळी लागली नाहीत. आकड्याने काही केलं नाही, माणसांनी केलं. पण ‘थोडेफार पक्षी मारतात हो तिकडे’ एवढ्यावर कोणी उठलं नसतं.

आमच्या जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. पाऊस कसा, पीक कसं, याचं भाकीत दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत येतं. माझं त्या परंपरेशी वैर नाही, लहानपणी आजीबरोबर मीही ऐकायला जायचो. पण मागच्या वर्षीच्या भाकितासमोर प्रत्यक्ष आकडा ठेवलेला तक्ता त्याच जोरात छापलेला मी कधी वाचला नाही. जे पुढे होणार त्याची आम्हाला भारी उत्सुकता. जे झालं ते लिहून ठेवायचा मात्र कंटाळा.

तर मागणी अगदी छोटी आहे. जिल्ह्यात प्राणिशास्त्र शिकवणारी महाविद्यालयं आहेत, वनविभागाचे कर्मचारी आहेत, माझ्यासारखे सुट्टीला येणारे रिकामटेकडे आहेत. घाटाच्या कडेवर तीन जागा ठरवायच्या. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबरचा पहिला, त्यात दहा दिवस. दहा ते दोन. प्रत्येक जागी दोघं. दरवर्षी त्याच जागा, तीच वेळ, मग दिसो न दिसो. पाच वर्षांनी कळेल की इथून फारसं काही जात नाही, तर तसं ठामपणे लिहू. ते लिहिण्याचा हक्क तेव्हा आपल्याला असेल.

मागच्या ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सोंगणी उरकली होती, तेव्हा बाबा सोबत आले. टोपीची सावली करून बसले. साडेअकराला एक पक्षी खालच्या सपाटीवरून, पंख वर धरून, डुलत डुलत गवतावरून फिरला. भोवत्या, नर, राखी. मी दुर्बीण दिली. बाबांनी तिच्याशिवायच बघितलं आणि म्हणाले, हा तर तुरीच्या वावरावर रोज येते थंडीत, लहान होतो तवापासून. आता कमी येतो का, असं मी विचारलं. त्यांनी बराच वेळ विचार केला. मग, ‘‘मोजलं कोनी?’’

या वर्षी दोन जागांसाठी माणसं मिळाली आहेत, तिसरीसाठी हवी आहेत. दुर्बीण नसली तरी चालेल, एक जास्तीची आहे. टोपी आणि पाणी आपापलं आणा, वर झाड नाही.